सळईखालचा ठोकळा

किटवे
११ एप्रिल १९९६

नामुकोलोस,

आशीर्वाद. पूर्वी मी तुला नावानं न लिहिता वहिनी म्हणून नमस्कार लिहायचो. पण आता दादा गेल्यावर त्याचं नाव आणि त्याचा कमरेचा पट्टा सगळ्या भाऊबंदांसमोर मला मिळाला आहे, तेव्हा आशीर्वादच योग्य. तूही यापुढे मला साम्पा न म्हणता चिलेक्वा म्हणावंस, असं आईचं म्हणणं आहे.

लिहिण्याचं कारण गाडी. लँडक्रूझर किटवेपर्यंत झकास आली. धुतल्यावर रंगही बरा दिसतो. खाणीच्या भांडारातली माझ्याबरोबरची माणसं मुद्दाम येऊन बघून जातात. एकच अडचण आहे, ती बंद होत नाही. किल्ली फिरवली, किल्ली काढली, किल्ली खिशात घातली, तरी इंजिन आपलं चालूच. मग मी ब्रेक दाबून धरतो, गिअर टाकतो आणि क्लच सोडतो, तेव्हा ती आचका देऊन मरते. परवा रविवारी पाळक आत प्रार्थना सांगत होते आणि बाहेर आवारात ही घुरघुरत होती. शेवटी जाऊन आचका दिला, तर समोरच्या सगळ्या सायकली पडल्या.

गॅरेजात न्यायची सोय नाही. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगून बसलो की ही गाडी भंगारातून मीच बांधली. आता चिलेक्वा मीच म्हटल्यावर ते काही अगदी खोटं नाही. पण ज्यानं गाडी बांधली त्यानं ती बंद कशी करायची हे विचारत फिरायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा उरणार नाही. तेव्हा दादा काय करायचा ते कळव. पत्र बसच्या कंडक्टरजवळ दे. टपालाचा काही भरवसा नाही.

चिलेक्वा (साम्पा)

---

म्पुलुंगू
२० एप्रिल १९९६

साम्पाभावजी,

पत्र मिळालं. आशीर्वाद परत पाठवते आहे, ते माझ्या मापाचे नाहीत.

मी तुम्हाला त्या नावानं लिहिणार नाही. तो माणूस जिवंत असताना मी कधी त्याला नावानं हाक मारली नाही, कलुबाचे बाबा म्हणत आले. आता ते नाव तुमच्यासाठी तोंडात घेईन असं तुम्हाला वाटलंच कसं?

गाडीचं सांगते. स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ, सायकलच्या ब्रेकची वायर लोंबते. तिच्या टोकाला बाटलीचं बूच आहे. ते बूच ओढून धरा, डिझेल तुटेल आणि इंजिन शांतपणे थांबेल. थांबलं की सोडा. किल्लीनं बंद करणारी विजेची डबी कधीच जळाली. नवी कुठं मिळेना म्हणून मी माझ्या सायकलची वायर काढून दिली. महिनाभर मी ब्रेकशिवाय सायकल चालवली, पण गाडी थांबायला लागली.

आता दुसरं. तुम्हाला वाटेल, वहिनी किती भली, विचारताच सांगितलं. तसं काही नाही. गाडी माझी आहे. रस्त्याच्या कामाचा तळ उठला तेव्हा ती तिथं दारं नसलेली पडली होती, सीटवर कोंबडीनं अंडी घातली होती. ती ओढत आणून आम्ही दोघांनी सहा वर्षांत उभी केली. मी अंगानं बारीक, म्हणून गाडीखालचं सगळं काम माझं. तिच्या पोटाचा एकेक नट मी कसलेला आहे. आणि सुतकाच्या शेवटच्या दिवशी तुम्हाला पट्टा बांधला, तुमच्या आईनं विचारलं की नव्या चिलेक्वाच्या घरात नांदणार का, मी नाही म्हणाले. नाही म्हणायचा मला हक्क होता. रीतीप्रमाणे मनगटाला पांढरे मणी बांधून तुम्ही मला मोकळं केलंत, आणि त्याच संध्याकाळी गाडी नेलीत. घरातले पडदेसुद्धा काढून नेलेत.

आज मी बर्फातली मासळी दुसऱ्यांच्या ट्रकवर टाकून कासामाला पाठवते. ट्रकवाला वाटेत हव्या तिथं थांबतो, बर्फाचं पाणी होतं, आणि माझं नेहमीचं गिऱ्हाईक नाक दाबून दुसरीकडे जातं. हे वर्षभर असंच चाललं तर माझा धंदा बसेल. म्हणून स्पष्ट लिहिते, मला गाडी परत हवी आहे आणि मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मग सांगितलं का? गाडीचा काय दोष? तुम्ही असे आचके देत राहिलात तर इंजिनाखालची रबरं फाटतील. ती मी बसवलेली आहेत.

कलुबाची आई

---

किटवे
९ जून १९९६

नामुकोलोस,

बूच सापडलं. उपयोग झाला. बाकी तू जे लिहिलंस ते मी आईला वाचून दाखवलं नाही, तिचा रक्तदाब वाढतो. नाव आणि नावाबरोबरच्या वस्तू ही आपल्या लोकांची रीत आहे, मी काही चोरी केलेली नाही. तुझ्या रागाला मी मनावर घेत नाही, कारण दादाही घेत नव्हता.

आता नवीन त्रास. पाळक आणि त्यांची बायको यांना घेऊन मी न्डोलाला निघालो होतो. काटा टाकी अर्धी भरलेली दाखवत होता आणि गाडी मधेच खोकलून बंद पडली. पाळक म्हणाले, "चिलेक्वा, तुम्हीच बांधलीय ना, बघा जरा." मी बॉनेट उघडून आत डोकं घालून बराच वेळ उभा राहिलो. शेवटी म्हणालो, "इंजिनाला विश्रांती लागते." मग आम्ही बसनं गेलो. पाळकांच्या बायकोला उभं राहावं लागलं. गाडी अजून तिथल्या पोलीस चौकीच्या झाडाखाली उभी आहे. कंडक्टर निघायच्या आत लगेच कळव.

चिलेक्वा

---

म्पुलुंगू
१५ जून १९९६

भावजी,

काटा मागच्या टाकीचा आहे. पुढची टाकी आम्ही नंतर जोडली, पाण्याच्या पिंपाची. तिला काटा नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घाला, पितळी नळ लागेल. तो दांडी मागे करून फिरवा, म्हणजे अर्धी भरलेली टाकी सुरू होईल.

पण एवढ्यानं चालू होणार नाही, कारण डिझेलमध्ये हवा धरली असेल. फिल्टरच्या डोक्यावर एक काळं बटण आहे, छोट्या पंपाचं. बाजूचा स्क्रू थोडा सैल करून ते दाबत राहा. आधी फेस येईल, मग निव्वळ डिझेल. तेव्हा स्क्रू कसा आणि बटण कडक होईपर्यंत दाबा. कपडे जुने घाला.

"इंजिनाला विश्रांती लागते" हे मी बंदरावर सगळ्यांना सांगितलं. बायका मासे निवडायचं सोडून हसत होत्या.

कलुबाची आई

---

किटवे
१८ ऑगस्ट १९९६

नामुकोलोस,

बंदरावर सांगायची काही गरज नव्हती. असो. गाडी चालू झाली, आणि पोलीस चौकीतली चार माणसं बघत होती. मी पंप दाबून हवा काढली तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "याला म्हणतात कारागीर." मी नाही म्हणालो नाही.

इथल्या लोकांचा माझ्यावर आता फार विश्वास बसला आहे. चर्चच्या बांधकाम समितीवर मला घेतलं. पुढच्या वर्षी अध्यक्ष करतील अशी बोलणी आहेत.

एकच तक्रार, गाडी हाडं खिळखिळी करते. आई मागे बसली की प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं छताला लागतं. मी खाली वाकून पाहिलं तर मागे ट्रकला असतात तसे स्प्रिंगचे जाड पाटे दिसले. ते कमी करता येतील का? इथं मासळी वाहायची नाही, माणसं बसवायची आहेत. मला आता पाना धरता येतो, नीट लिहिलंस तर मी स्वतः करीन.

चिलेक्वा

---

म्पुलुंगू
३० ऑगस्ट १९९६

भावजी,

पाटे कमी करता येतात. ते आम्ही मोडक्या ट्रकचे काढून घातले होते, कारण बर्फ आणि मासळी मिळून गाडीचं ढुंगण जमिनीला टेकायचं. तुम्हाला त्यांचं ओझंच आहे. काढा, आणि मासळीचे ट्रक परत येतात त्यांच्यावर टाकून मला पाठवा. इथं मला कामाचे आहेत.

नीट वाचा, दोनदा वाचा. गाडी सपाट जागी घ्या. पुढच्या चाकांना दगड लावा. मागून जॅकनं उचला आणि चेसीखाली लाकडाचे ओंडके द्या, दोन्ही बाजूंना. निव्वळ जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. कलुबाच्या बाबांनी एकदा तसं केलं होतं, मी त्यांचे पाय धरून ओढलं म्हणून वाचले. मग चाकं काढा. एक्सलला पाटे धरून ठेवणारे वाकडे बोल्ट आहेत, त्यांच्यावर आदल्या रात्री जुनं तेल सोडून ठेवा, नाहीतर नट तुटतील. पाट्यांच्या गठ्ठ्यात खालून दोन जाड पाटे आमचे आहेत. तेवढेच काढा, मूळचे राहू द्या. मधला बोल्ट लांब आहे, तो आता बाहेर डोकावेल, आखूड घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या एक्सलवर एक आडवी सळई दिसेल. तिचं दुसरं टोक चेसीवरच्या एका छोट्या डबीला जोडलेलं आहे. ती सळई डबीला सांगते की गाडीवर ओझं किती आहे, आणि डबी त्या मानानं मागच्या चाकांना ब्रेक देते. पाट्यांनी गाडी उंच झाली तेव्हा सळईला खोटंच वाटायला लागलं की गाडी रिकामी आहे, म्हणून आम्ही सळईच्या टोकाखाली लोखंडाचा एक ठोकळा घातला. पाटे काढलेत की तो ठोकळाही काढा आणि सळई तिच्या मूळच्या भोकात लावा. विसरू नका. ठोकळाही पाठवा, तो मी कानशीनं घासून केलेला आहे.

तुम्ही समितीवर गेलात याबद्दल तुमच्या आईंचं अभिनंदन.

कलुबाची आई

---

किटवे
२४ नोव्हेंबर १९९६

नामुकोलोस,

पाटे आणि ठोकळा पोचले असतील. तू लिहिलंस तसंच केलं. ओंडके लावले, तेल सोडलं, सळई मूळच्या भोकात लावली. बोटांची सालटं निघाली, पण शेजारचे लोक कुंपणावरून बघत होते तेव्हा फार बरं वाटलं. गाडी आता पलंगासारखी चालते. आई झोपते मागे. लोक आपल्या गाड्या घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात, मी हातातलं काम दाखवून वेळ मारून नेतो.

पाऊस सुरू झाला आहे. मागच्या आठवड्यात चौकात ब्रेक दाबला तर गाडीचं शेपूट फिरलं आणि मी आलो त्या दिशेला तोंड करून उभा राहिलो. कोणाला लागलं नाही. मी हात हलवला, लोकांना वाटलं मुद्दाम वळवली.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत दादाला वर्ष होईल. तेव्हा मी आईला आणि चर्चच्या गायक मंडळींना घेऊन याच गाडीनं म्पुलुंगूला येणार आहे. तुमच्या लोकांनीही बघावं की चिलेक्वाचं नाव कसं चाललं आहे. आई म्हणते की गाडी तुमच्या दारावरून दोनदा न्यायची.

आणि दादाचा हत्यारांचा पेटारा तुझ्याकडेच राहिला आहे. पाने, जॅक, कानशी, सगळं. नावाबरोबर तोही यायला हवा होता, घाईत राहून गेलं. तो भरून तयार ठेव, येऊ तेव्हा नेऊ. बाईमाणसाला त्याचा काय उपयोग?

चिलेक्वा

---

म्पुलुंगू
८ डिसेंबर १९९६

भावजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी पेटाऱ्यावर बसूनच ते वाचलं. लगेच उत्तर लिहिलं नाही. हे लिहावं की नाही याचा विचार करत होते, आणि अजूनही वाटतं आहे की लिहू नये.

शेपूट फिरलं ते पावसामुळे नाही.

ठोकळा काढायचा नव्हता. तो पाट्यांसाठी घातलेला नव्हताच, तो कायमचा होता. तो काढल्यामुळे मागच्या डबीला वाटतं की गाडी पोत्यांनी भरलेली आहे, म्हणून जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. किटवेच्या सपाट रस्त्यावर एखादवेळी नुसतं तोंड फिरेल. पण म्बालाहून आमच्याकडे उतरताना घाट आहे, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. ओल्या मुरमावर तिथं पहिल्या नाहीतर दुसऱ्या वळणावर तुमची गाडी खाली जाईल.

मी हे चुकून लिहिलं नव्हतं. पहिल्याच पत्रात मी तुम्हाला सांगितलं होतं की माफ करणार नाही. तुम्हाला वाटलं की बायका असं रागात लिहितात. आधीची सगळी उत्तरं मी तुम्हाला खरी दिली ती एवढ्याचसाठी, की हे एक उत्तर तुम्ही डोळे झाकून खरं मानावं. मानलंत.

मी गप्पच बसणार होते. पण तुम्ही लिहिता की आई मागे झोपते, आणि गाणारी पोरंही आणणार. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. आईंशी आहे, पण इतकं नाही. तुमच्या एकट्यासाठी मी कागद वाया घालवला नसता.

पेटारा देणार नाही.

कलुबाची आई

---

किटवे
१४ डिसेंबर १९९६

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. तुम्ही असं करू शकता यावर माझा विश्वास बसेना. मग परत वाचलं आणि बसला. मी तुमचा सख्खा दीर आहे. समितीचा सभासद आहे. माझं काही झालं असतं तर कलुबाला कोणी विचारलं असतं?

कंडक्टर उभा आहे म्हणून थोडक्यात लिहितो. ठोकळा ताबडतोब परत पाठवा. तो कसा आणि कोणत्या बाजूनं बसवायचा तेही लिहा. पेटाऱ्याचं राहू द्या.

साम्पा

---

म्पुलुंगू
१९ डिसेंबर १९९६

साम्पाभावजी,

ठोकळा माझ्या मांडीवर आहे. पाठवायला हरकत काहीच नाही, मुठीएवढा तर आहे. पण एक विचारते. तो आला की बसवाल का तुम्ही? काढा म्हणणारी मीच होते. आता बसवा म्हणणारीही मीच. मी तुमच्या जागी असते तर मला त्यावर झोप लागली नसती.

आणि नुसता ठोकळाच का धरून बसलात? फिल्टरचा स्क्रू किती सैल करायचा ते मी सांगितलं. सीटखालचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते मी सांगितलं. गठ्ठ्यातले कुठले पाटे काढायचे आणि कुठले ठेवायचे तेही माझ्याच शब्दावर केलंत. तुमच्या आईंच्या पाठीखाली जे काही आहे ते सगळं माझ्या अक्षरात आहे. त्यातलं कुठलं खरं आणि कुठलं खोटं, ते सवडीनं बसून शोधा.

सोपा रस्ताही सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की कोंडीत धरलं. किटवेत गल्लोगल्ली गॅरेजं आहेत. कुठल्याही चांगल्या माणसाकडे गाडी न्या आणि सांगा, ही मी बांधलेली नाही, मला यातलं काही कळत नाही, माझ्या भावानं आणि त्याच्या बायकोनं बांधली, जरा खालून बघता का? तो बघेल आणि दुपारपर्यंत तुम्हाला खरं काय ते सांगेल. एवढं एक वाक्य बोललात तर गाडी तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. शपथेवर लिहिते.

जमेल का बघा.

कलुबाची आई

---

किटवे
५ जानेवारी १९९७

वहिनी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

मी दोनदा गॅरेजपर्यंत गेलो. पहिल्यांदा तिथं समितीचे कोषाध्यक्ष आपली गाडी घेऊन उभे होते. ते मिस्त्रीला म्हणाले, "अरे, हे बघ कोण आलं, तुझा गुरू आला." मिस्त्रीनं हात पुसून माझ्याशी हात मिळवला. मी म्हणालो, सहज आलो होतो. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं. मिस्त्रीनं विचारलं, "काय सेवा करू?" मी त्याच्याकडून एक बल्ब विकत घेतला.

नाताळात मी गाडी चालवली ती पायी चालणाऱ्यांच्या मागून. उतार आला की मी पहिला गिअर टाकायचो आणि ब्रेकला पायच लावायचो नाही. आईला मी सांगितलं नव्हतं, पण तिनं पत्र माझ्या कोटात पाहिलं आणि शेजारणीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, "ती पोरगी खोटं बोलत असली तरी मी आता त्यात पाय ठेवणार नाही." गायक मंडळींना मी सांगितलं की रस्ते वाईट आहेत. घरासमोर गाडी उभी आहे आणि मुलं तिच्यावर बसून खेळतात. तीसुद्धा मला बघवत नाहीत, वाटतं आता घसरेल.

तेव्हा मी ठरवलं. आज चर्चमध्ये मंडळींसमोर उभा राहिलो आणि जाहीर केलं की चिलेक्वा हे नाव धारण करणारा या नात्यानं मी ही गाडी भावाच्या विधवेला आणि तिच्या मुलीला देत आहे. पाळकांनी मला मिठी मारली. बराच वेळ टाळ्या चालल्या होत्या. अशा गोष्टीत आपल्या रीतीनं शेवटचा शब्द मामांचा, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आता या गाडीवर आमच्या घराचा हक्क नाही, आणि तसा कागद करून सही केली. कागद सोबत आहे. गाडी मासळीच्या ट्रकमागे टोचन करून पाठवतो आहे. घाटात ती ट्रकवर चढवायला सांगितलं आहे.

मी वाईट माणूस नाही, वहिनी. आता तुमचं तुम्हाला मिळालं, तेव्हा एक खरं सांगा. त्या ब्रेकचं नेमकं काय होतं? मला कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

साम्पा

---

म्पुलुंगू
१७ जानेवारी १९९७

साम्पाभावजी,

गाडी पोचली. मी ती घ्यायला म्बालापर्यंत गेले होते. घाटाच्या तोंडाशी ट्रकवाला चढवायला तयार होईना. मी टोचन सोडायला लावलं आणि तिथून ती स्वतः चालवत खाली आणली. पाऊस पडत होता. मागे बर्फही नव्हता, मासळीही नव्हती, गाडी रिकामी होती. प्रत्येक वळणावर मी ब्रेक दाबला, आणि शेवटच्या वळणावर मुद्दाम जोरात दाबला. ती सरळ रेषेत उभी राहिली.

घरी आल्यावर ओंडके लावून खाली गेले आणि सगळं तपासलं. सळई मूळच्या भोकात आहे. नट कसले आहेत तेही हवे तेवढेच, जास्त नाहीत. वाकड्या बोल्टांना तेल नीट मुरलं होतं, एकाचेही आटे गेलेले नाहीत. आखूड बोल्ट घालायला सांगितला होता, तो घातलात. ऑगस्टमध्ये मी तुम्हाला लिहिलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. बूच, नळ, पंप, पाटे, ठोकळा, सगळं खरं होतं. मी खोटं एकदाच लिहिलं, डिसेंबरात, पेटारा मागितलात त्यानंतर. पुढच्या पत्रात तुम्हाला घाबरवलं तेही त्याच खोट्यावर. चौकात शेपूट फिरलं ते मागचे टायर गुळगुळीत झाल्यामुळे, ते मी घाट उतरण्याआधी म्बालातच बदलून घेतले. कुठल्याही मिस्त्रीनं ते उभ्याउभ्या सांगितलं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. हे ऐकून तुम्हाला कसं वाटेल याचा मी महिनाभर विचार करते आहे, आणि मला बरं वाटतं आहे. कलुबाचे बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला इतकं बरं वाटतं आहे. गाडी परत मागायला येऊ नका. मामांचा कागद आहे, आणि टाळ्या ऐकणारी माणसं तुमच्याच गावात आहेत.

एक गोष्ट मात्र मनात ठेवणार नाही, कारण ती तुम्हाला कळायला हवी. पाट्यांचं काम तुम्ही चांगलं केलंत. मी खाली पडून बराच वेळ बघत होते, मला नाव ठेवायला जागा सापडेना. तुमचा हात साफ आहे. ही गाडी सहा वर्षं आमच्या अंगणात उघडी पडली होती, आणि त्या सहा वर्षांत कलुबाच्या बाबांनी तुम्हाला किती निरोप पाठवले, की ये, एक माणूस कमी पडतो. आला असतात तर गाडी तुम्ही बांधली असं तुम्हाला खरोखरच म्हणता आलं असतं, आणि मीच त्याला साक्ष दिली असती.

हे पत्र चर्चमध्ये वाचून दाखवायचं असेल तर माझी हरकत नाही.

कलुबाची आई